कोठीतली साखर

दूध आणि पाव घेऊन धाकटी दोन जिने चढून वर आली, पिशवी डाव्या हातात घेतली आणि दारावरच्या कुलपाचे सहा आकडे दाबले. एरवी ते किर्र करून फिरायचं. आज नुसतं कण्हलं, म्हाताऱ्या माणसाने उठायला जावं आणि पुन्हा बसावं तसं, आणि गप्प झालं. तिने परत आकडे दाबले. आता आकड्यांमागचा दिवाही लागला नाही.

पहिल्या क्षणी ती वैतागली फक्त. दुसऱ्या क्षणी तिला आठवलं. आईला सुई देऊन ती खाली उतरली होती.

इन्शुलिनची सुई दिली की अर्ध्या तासाच्या आत पोटात काहीतरी गेलं पाहिजे. नाही गेलं तर रक्तातली साखर उतरत जाते, घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ जड होते, मग शुद्ध जाते. आणि तेव्हा तोंडात साखर घालायला शेजारी कोणी नसेल तर पुढचं बोलूच नये. म्हणून धाकटीचा रोजचा क्रम ठरलेला होता : आधी ताट वाढायचं, ते आईच्या समोर ठेवायचं आणि मगच सुई हातात घ्यायची. दोन वर्षांत तिने तो क्रम एकदाही चुकवला नव्हता. आज चुकवला. आधी सुई दिली, मग फ्रिज उघडला, तर दूध फाटलेलं आणि पावावर हिरवी बुरशी. खाली दुकान, वर घर, दोन मिनिटांचं काम, असं म्हणून ती चपला घालून पळाली. दार मागे आपोआप लागलं. ते आपोआप लागावं म्हणूनच तर ते कुलूप होतं.

सुई दिली तेव्हा सात चाळीस झाले होते. मोबाइलवर आता सात एकावन्न दिसत होते.

"आई!" तिने दारावर थाप मारली. "आई गं, मी आहे!"

आतून काहीच आलं नाही. दार लोखंडी होतं, दोन बोटं जाड. आवाज आत जात होता की नाही, देव जाणे.

तिने दादाला फोन लावला.

हे कुलूप दादाचं. म्हणजे घर आईचं, राहणारी धाकटी, आणि कुलूप दूरच्या शहरातल्या थोरल्या भावाचं. वर्षभरापूर्वी आई दोनदा घराबाहेर निघून गेली होती. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने ओळखून आणून सोडली. दुसऱ्यांदा सहा तासांनी बस डेपोत सापडली, एका पायात चप्पल, आणि हातात कुठलासा बंद पडलेला दिवा. त्या सहा तासांत धाकटीने देवाला जेवढे म्हणून शब्द द्यायचे तेवढे देऊन टाकले होते. म्हणून दादाने हे कुलूप आणलं तेव्हा तिने त्याचे आभारच मानले. बाहेरून उघडायला आकडे, आतूनही आकडे. आतली मूठ त्याने स्वतः पाना घेऊन काढली. बोटाच्या ठशावरही ते उघडायचं, पण धाकटीच्या ठशावर नाही. अठरा वर्षं लॉन्ड्रीत वाफेत आणि सोड्यात हात घालून तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. "तू चोर झालीस तर पोलिसांना सापडायची नाहीस," दादा म्हणाला होता, आणि दोघं हसली होती.

"अगं, बॅटरी गेली असेल," दादा फोनवर म्हणाला. "महिनाभर आधी सूचना येते."

"कुणाला येते?"

तो म्हणाला, "माझ्या मोबाइलवर. पण त्या कुलपाच्या दिवसाला चाळीस सूचना यायच्या गं. दार उघडलं, दार लागलं, दार उघडलं. मी त्या बंद करून टाकल्या."

"किल्ली?"

"एक माझ्याकडे. एक आत, खोक्यात. शेजाऱ्यांकडे ठेवू नकोस असं मीच... थांब. कुलपाच्या खालच्या बाजूला धातूच्या दोन टिकल्या आहेत बघ. चौकोनी बॅटरी तिथे टेकवली की जीव येतो त्याला. कुणाकडे चौकोनी बॅटरी आहे का?"

"दादा, मी आईला सुई दिलीय. तिने काही खाल्लेलं नाही."

दूरच्या शहरात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

तोवर समोरचं दार उघडून मावशी बाहेर आल्या होत्या. समोरच्या मावशी म्हणजे मन मोकळं आणि तोंडही मोकळं. "काय झालं गं? कुलूप रुसलं? मी तेव्हाच म्हटलं होतं, आमची साधी कडी बरी. कडीला कधी चार्जिंग करावं लागत नाही."

"मावशी, चौकोनी बॅटरी आहे का तुमच्याकडे? आईला सुई दिलीय."

मावशींचा चेहरा झर्रकन बदलला. त्या आत धावल्या. भांड्यांचा आवाज झाला, खण उघडल्या-आपटल्याचा झाला, आणि त्या जुन्या रेडिओसकट बाहेर आल्या. दोघींनी मिळून त्याच्या पोटातून चौकोनी बॅटरी काढली. धाकटीने गुडघ्यांवर बसून ती टिकल्यांना टेकवली. आकडे उजळले. "देवा," ती म्हणाली आणि सहा आकडे दाबले. कुलूप फिरायला लागलं, अर्धं फिरलं, आणि तिथेच थांबलं. बॅटरी मावशींच्या रेडिओसारखीच म्हातारी होती. आता कुलूप ना लागलेलं, ना उघडलेलं, मधेच अडकलेलं.

"आता नवीन बॅटरी आणली तरी?" मावशींनी विचारलं.

दादा फोनवरून म्हणाला, "अर्ध्यात अडकलं की ते स्वतःला बंद करून घेतं. कुणी जबरदस्ती करतंय असं समजतं ते."

"शहाणंच आहे," मावशी म्हणाल्या.

मग फोन झाले. रुग्णवाहिका निघाली होती, पण दार उघडं लागेल असं त्यांनी बजावलं. अग्निशामकवाले म्हणाले, अर्धा तास तरी. खिडक्यांना गज होते, तेही दादाच्याच आग्रहावरून. मावशींनी जिन्यातून वाकून खाली हाक मारली, आणि तळमजल्यावर राहणारा किल्लीवाला दाढीचा साबण एका गालावर तसाच ठेवून, हत्यारांची पेटी घेऊन वर आला.

त्याने दारावर हात फिरवला, कुलपाकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि जीभ टाळ्याला लावून चक् केलं.

"ताई, हे कुणी घेतलं?"

"भावाने."

"चोर बाहेर ठेवायला, की माणूस आत ठेवायला?"

"दोन्हीला," धाकटी म्हणाली.

"एका कुलपाला दोन कामं सांगू नयेत. माणसाचं तेच, कुलपाचं तेच." त्याने गिरमिट काढलं. "पण माल चांगला आहे हो, खोटं कशाला बोलू. चोर असतो तर मी हात जोडून मावशींच्या दाराकडे गेलो असतो."

"मेल्या, भलत्या वेळी!" मावशी म्हणाल्या.

"किती वेळ लागेल?" धाकटीने विचारलं.

"पोलादी पत्रा आहे आत. अर्धा तास. हात चालला तर पंचवीस मिनिटं."

आठ वाजून दोन मिनिटं झाली होती.

गिरमिट गुरगुरायला लागलं. धाकटी जिन्याच्या पायरीवर बसली आणि तिने मोबाइलवर कॅमेरा उघडला. बाहेरच्या खोलीत, कपाटावर, दादाने तो बसवला होता. धाकटीला तो आवडायचा नाही. आपण केस विंचरतोय, भाजी निवडतोय, आणि वरून एक डोळा बघतोय, ही कसली राखण? कितीदा तिने त्याच्यावर टॉवेल टाकला होता. आज त्या डोळ्याशिवाय तिच्याकडे दुसरा डोळाच नव्हता.

आई टेबलाशी बसली होती. ताठ. समोर रिकामी बशी आणि चमचा. हात मांडीवर. चित्र तसं स्पष्ट होतं, कपाळावरचा ओलावा चमकताना दिसत होता. घरात खाण्याजोगं जे होतं ते फ्रिजमध्ये. आणि फ्रिजला पट्टी, जी दाबून वळवायची असते, ती आईला जमत नसे. साखरेचा डबा तर धाकटीने स्वतःच्या हातांनी लपवला होता. आई चहात साखर घालायची, घातल्याचं विसरायची, परत घालायची, सहा सहा चमचे. म्हणून डबा चपलांच्या कपाटात, खालच्या खणात, मागे. साखरेपासून आईला वाचवायला तिने किती अक्कल लढवली होती.

तिने बोलायचं बटण दाबलं. "आई. मी बोलतेय. उठ, चपलांचं कपाट उघड. खाली मागे साखरेचा डबा आहे. एक मूठ खा."

आईने मान वर केली. आवाज कुठून आला ते शोधलं. मग तिच्या चेहऱ्यावर एक भाव आला, जो धाकटीने लहानपणी शेकडो वेळा पाहिला होता. त्रासलेला, पण नियमाने वागणाऱ्याचा.

"रांगेत या," आई म्हणाली. "आणि चिठ्ठी कुठाय?"

धाकटीचे डोळे मिटले गेले.

आई अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या कोठीवर होती. गोळ्या, पट्ट्या, चादरी, साबण, स्वयंपाकघराची डाळ आणि साखर, सगळं तिच्या हाताखालून जायचं. तिला सगळे कोठीच्या बाई म्हणत. चिठ्ठीशिवाय कोठीच्या बाईंनी सुईसुद्धा कुणाला दिली नव्हती. मोठ्या डॉक्टरांनाही नाही. आजारानं मुलीचं नाव नेलं, नवऱ्याचं मरण नेलं, काल काय झालं ते रोज नेलं; पण कोठी ठेवली. वाईट दिवशी आई कोठीत असे. आज ती कोठीत होती.

"ती चिठ्ठी मागतेय," धाकटी म्हणाली.

"मग देऊ या," मावशी म्हणाल्या, जणू यात काही नवल नाही.

पावाच्या दुकानातली पावती होती, किल्लीवाल्याच्या कानामागे पेन्सिल होती. धाकटीने लिहिलं : साखर, एक डबा. चपलांच्या कपाटात, खालचा खण, मागे. खाली 'सिस्टर' अशी सही केली आणि ती चिठ्ठी दाराखालच्या कागदापुरत्या फटीतून आत सरकवली. मोबाइलवर तिने पाहिलं. आई उठली. उठताना टेबल धरलं. चिठ्ठी उचलली, चष्मा नीट केला, वाचली.

"माल कुठे आहे ते मला चिठ्ठीत शिकवू नका," आई म्हणाली. "कोठी माझी आहे. आणि डॉक्टरांची सही?" चिठ्ठी फटीतून परत आली.

"अरे देवा," दादा फोनवरून म्हणाला. तोही तिकडे त्याच कॅमेऱ्यातून बघत होता. "आठ दहा झालेत. तिचे हात बघ."

आईचे हात थरथरत होते.

धाकटीने दुसरी चिठ्ठी लिहिली. साखर, एक डबा, तातडीचे. आणि किल्लीवाल्यापुढे धरली. "सही करा."

त्याने गिरमिट थांबवलं. "मला नुसतं नाव लिहिता येतं, ताई."

"नाव नको. रेघोट्या ओढा. डॉक्टरांसारख्या."

त्याने मनगट झटकून अशी काही रेघ ओढली की शिकलेल्या डॉक्टरालाही ती वाचता आली नसती. चिठ्ठी आत गेली. आईने ती उजेडाकडे धरली.

"आता कशी आली व्यवस्थित," आई म्हणाली, आणि मान हलवली. जीभ अडखळत होती. 'व्यवस्थित' हा शब्द तिने तीन तुकड्यांत उच्चारला.

"खालच्या खणात, बाई," धाकटी हळूच बोलली, हाताखालच्या मदतनीस मुलीसारखी.

आई चपलांच्या कपाटाशी गेली, भिंतीला धरून. खाली बसली. शोधायला वेळ लागला, इतका की मावशी पदराचं टोक तोंडात धरून उभ्या राहिल्या. मग डबा हातात आला. "चपलांजवळ साखर?" आई चिडली. "कोणी ठेवली? नाव सांगा मला त्याचं."

"खा," दादा पुटपुटत होता. "खा, खा, खा."

आई डबा घेऊन उठली, दाराशी आली, वाकली, आणि दाराच्या आतल्या बाजूला तो जमिनीवर ठेवला. दारावर दोन टकटक केल्या. "घेऊन जा," ती म्हणाली आणि टेबलाशी परत जाऊन बसली.

दाराच्या अल्याड चार माणसं होती, एक फोनमधलं धरून. पल्याड साखर होती. मध्ये दोन बोटं लोखंड.

धाकटीने चिठ्ठीत मागितलं होतं तेच तिला मिळालं होतं.

दादाला राहवलं नाही. त्याने त्याच्याकडचं बटण दाबलं आणि कॅमेऱ्यातून त्याचा आवाज आत घुमला, "आई! तो डबा उघड आणि साखर खा! मी सांगतोय ना! आधी खा!"

आई दचकून उभी राहिली. घाम गळ्यापर्यंत आला होता. तरी तिने मान ताठ केली. "कोण आहे?" ती म्हणाली. "असलं मला सांगायचं नाही. अठ्ठावीस वर्षं झाली... या कोठीतलं चिमूटभर काही... माझ्या तोंडात गेलेलं नाही. कुणालाही विचारा."

कुणाला विचारायची गरज नव्हती. धाकटी सात वर्षांची असताना तापाने फणफणली होती. कोठीत त्याच तापाच्या गोळ्यांची खोकी छताला लागलेली. आणि आई रात्रपाळी संपवून दुकान उघडेपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहिली होती, गोळ्यांची विकतची पट्टी घ्यायला. वडील चिडले होते. आई एवढंच म्हणाली होती, "माझा नेम आहे." देवापुढे घेतलेला नेम मोडला तर पाया पडून क्षमा मागता येते. माणसाने स्वतःपुढे घेतलेल्या नेमाची क्षमा मागायची कुणाजवळ? म्हणून तो सहसा मोडला जात नाही. धाकटीला आईच्या या नेमाचा आयुष्यभर अभिमान होता. आज तिने पायरीवर डोकं टेकवून पहिल्यांदाच मागणं केलं, की देवा, तिचा नेम मोड. मोड रे. एवढा एकदा मोड.

"ताई, रडू नका, चिठ्ठी लिहा," किल्लीवाला गिरमिटावर सगळं वजन टाकत म्हणाला. "तुमच्या आईला चिठ्ठी कळते."

"दादा," धाकटी फोनमध्ये म्हणाली, "तू आता एक शब्द बोलायचा नाहीस."

तिसरी चिठ्ठी तिने हळू, सुवाच्य अक्षरात लिहिली. वर आईचं पूर्ण नाव, रुग्ण म्हणून. खाली : साखर तीन चमचे, तोंडाने, ताबडतोब. कोठीप्रमुखांनी स्वतः भरवणे. खाली रेघोट्या.

चिठ्ठी आत गेली. आईला ती उचलायला दोनदा वाकावं लागलं. वाचली. स्वतःचं नाव तिने बोट ठेवून वाचलं, परकं नाव वाचावं तसं.

"ही बाई दाखल आहे?"

"आहे, बाई. आतच आहे. तिची साखर उतरलीय."

"मग नातेवाईक कुठे गेले तिचे?" आई म्हणाली. "असं एकटं टाकून जातात?"

धाकटीने बटणावरचा अंगठा काढला. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

आईने डबा उघडला, टेबलावरचा चमचा घेतला आणि रुग्ण शोधायला निघाली. खुर्चीशी गेली. पलंगाकडे पाहिलं. पाय एकात एक अडकत होते. धाकटी मोबाइलच्या काचेवर अंगठा दाबून बसली होती, जणू तिथूनच तिला सावरता आलं असतं. मग आई थांबली. भिंतीवर उभा आरसा होता. आरशात एक म्हातारी उभी होती, पांढरी फटफटीत, केस कपाळाला चिकटलेले, डोळे भेदरलेले.

"अगं बाई," आई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मऊ झाला की धाकटीला तो ओळखू आला. तापात ऐकलेला आवाज. "किती घाम आलाय तुला. कोणी नाही का तुझं? घे. आ कर."

तिने चमचा भरला आणि आरशातल्या म्हातारीच्या ओठांना लावला. साखर काचेवरून घसरली आणि खाली सांडली. तिने दुसरा चमचा भरला. तोही सांडला. म्हातारी तोंड मिटून तिच्याकडे बघत राहिली.

"घेत नाही," आई म्हणाली. ती आरशाला टेकली होती. "घे गं... घे ना. मरशील."

मावशी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. किल्लीवाल्याने गिरमिट थांबवलं नव्हतं, पण त्याच्या साबणाच्या गालावरून ओघळ उतरत होता, घामाचा म्हणावा तर घामाचा. फोनमध्ये दादा रडत होता, तोंडावर हात ठेवून, तिने बजावल्याप्रमाणे एक शब्द न बोलता.

धाकटीने बटण दाबलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला, इतका तो शांत होता.

"बाई, ती घाबरलीय. नवीन आहे ना. कडू औषध असेल असं वाटतंय तिला. तुम्ही आधी खाऊन दाखवा. तुम्ही खाल्लंत की ती खाईल."

"मी नाही खाणार," आई म्हणाली. "मालातलं."

"ती मरेल, बाई."

आई आरशाकडे बघत राहिली. किती वेळ, ते धाकटीला नंतर कधी सांगता आलं नाही. मोबाइलवरचा आकडा आठ एकोणीसवरून आठ वीसवर गेला एवढं तिने पाहिलं. मग आईने डब्यात चमचा घातला. तो तोंडाजवळ आणला. आरशातल्या म्हातारीनेही चमचा तोंडाजवळ आणला. आईने ओठ उघडले, तिनेही उघडले.

"अस्सं," आई तोंडात साखर असताना म्हणाली. "शहाणी माझी. अजून एक."

तीन चमचे. चिठ्ठीत होते तेवढेच, एक दाणा जास्त नाही. मग ती आरशाला पाठ लावून घसरत घसरत खाली बसली आणि तिची मान एका बाजूला झुकली.

पुढची दहा-बारा मिनिटं धाकटीने कशी काढली ते देवालाच ठाऊक. ती आईच्या छातीकडे बघत होती, ती हलतेय की चित्र थरथरतंय हे कळत नव्हतं. साखर वेळेवर गेली की उशिरा, कुणी सांगू शकत नव्हतं. एकदा चित्र मधेच गोठलं, आणि ती इतक्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावरची दारं उघडली. मग चित्र पुन्हा चालू झालं. आईने ओठ चाटले.

आठ तेहेतीसला पत्रा फाटल्याचा आवाज आला. किल्लीवाल्याने भोकात हात घातला, काहीतरी ओढलं, आणि खांद्याने दार ढकललं.

धाकटी साखरेवरून धावत गेली. आईचं डोकं तिने मांडीवर घेतलं, दुधात साखर कालवून चमचा चमचा भरवली. बोटाला टोचून मशीनवर आकडा पाहिला : चौपन्न. पाच मिनिटांनी बासष्ट. रुग्णवाहिकेतला माणूस आला, त्याने तपासलं, जमिनीवरच्या साखरेकडे आणि आरशाला चिकटलेल्या दाण्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "कोणी तरी वेळेवर भरवलेलं दिसतंय. नाहीतर कठीण होतं." मावशींनी त्याला पाणी दिलं. दादा कॅमेऱ्यातून बोलायला लागला होता, की कुलपाच्या नव्या प्रकारात बॅटरी जायच्या आधी दार उघडं राहतं, तो आजच बघतो, मग मधेच थांबला आणि म्हणाला, "धाकटे, माझी किल्ली आजच पाठवतो. मावशींकडे दे." दाराला मुठीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून जिन्यातला उजेड आत येत होता. उद्या सकाळी धाकटीला कामावर जायचं होतं. त्या भोकाकडे तिने एकदाच पाहिलं.

आईच्या गालांवर रंग आला होता. ती उठून बसली. तिने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि धाकटीचा हात धरला. तिची बोटं साखरेने चिकट झाली होती.

"सिस्टर," ती हलक्या आवाजात म्हणाली, "साहेबांना सांगाल का माझं एक?"

"काय सांगू?"

"मी खाल्ली. मालातली." तिचे डोळे भरून आले. "तीन चमचे. ती बाई घेत नव्हती म्हणून... पण खाल्ली मी."

"आई, ती साखर तुझीच होती गं. तुझ्यासाठीच होती."

आईने तिच्याकडे पाहिलं, दयेने. "चोरणारं प्रत्येक माणूस असंच म्हणतं, सिस्टर."

तिने उजवा हात कमरेशी नेला. तिथे पदर होता, दुसरं काही नव्हतं. कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा ती निवृत्त झाली त्या दिवशीच परत देऊन आली होती. पण तिने तो सोडवला, दोन्ही हातांनी, गाठ घट्ट बसली असावी तसा वेळ लावून. रिकामी मूठ तिने धाकटीच्या तळहातावर उघडली आणि धाकटीची बोटं त्याच्यावर मिटवली.

"मला आता ठेवायच्या नाहीत," ती म्हणाली. "मोजून घ्या."

धाकटीने बोटं उघडली. आई तिच्या हाताकडे बघत होती आणि वाट बघत होती.

"एक," धाकटी म्हणाली. "दोन. तीन."

कितीवर थांबायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत मोजत राहिली.